दार वाजवून थांबा

३ फेब्रुवारी

श्रीयुत बंधुराज,

फोन तू माझ्यापुरता बंद करून ठेवला आहेस, पण टपालपेटीच्या तोंडात काही तुला बोळा कोंबता येत नाही, म्हणून हे पत्र. घाबरू नकोस. आईची तब्येत ठीक आहे आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. माफी तर नकोच, कारण ती मागताना तू जे तोंड करशील ते मला बघवणार नाही.

मग लिहितेय कशाला? कामाचं बोलायला दुसरं माणूस नाही म्हणून. तुझ्या भावोजींपुढे विषय काढला की ते वर्तमानपत्र उंच धरतात. तू निदान तपासनीस आहेस. तू लिफ्ट तपासतोस, मी सरकारने नव्याने काढलेल्या सेवा तपासते. दोर कुठे झिजलाय ते बघायचं हाच दोघांचा धंदा. शिवाय तू उत्तर देणार नाहीस, म्हणजे मध्ये बोलणारही नाहीस. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

तर ऐक. आजपासून ‘सोबत’ नावाची सेवा माझ्या हातात आली आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं हॉस्पिटलमधून घरी सोडली की त्यांच्याकडे एक मदतनीस जाते. पहिला आठवडा रोज, मग हळूहळू कमी, आणि दीड महिन्याने बंद. शहराच्या एकाच भागात वर्षभर करून बघितलंय. मार्चअखेर खात्याला ठरवायचंय की ती सगळीकडे पसरवायची की गुंडाळायची, आणि त्याआधी त्यांना आमचा अहवाल हवाय. झटपट मूल्यमापन म्हणतात याला. मोठी संशोधनं तीन-चार वर्षं चालतात आणि निकाल येईपर्यंत ती सेवा एक तर मेलेली असते, नाहीतर इतकी पसरलेली असते की कोणाच्याने आवरत नाही. आम्ही काही आठवड्यांसाठी आत शिरतो, आकडे बघतो, माणसांशी बोलतो, आणि दर शुक्रवारी जे दिसलं ते सेवेतल्या लोकांना तोंडावर सांगतो. चुकत असेल तर त्यांना तिथल्या तिथे सुधारता येतं.

खात्यात मला पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणतात हे तुला माहीत आहे; मागच्या वर्षी आईकडच्या जिन्यात तूही ते तोंडावर फेकलंस. मी तपासलेल्या मागच्या तिन्ही सेवा बंद झाल्या हे खरं आहे. त्या बंद व्हायलाच हव्या होत्या हेही तितकंच खरं आहे. आजारी माणसांना रांगेत उभं करून नुसती माहितीपत्रकं वाटायची, याला मी सेवा म्हणत नाही. त्यापायी माझी कधी झोप उडालेली नाही.

आणि जिन्यातलं तुझं दुसरं वाक्य, की तू पगार देऊन ठेवलेल्या बाया आईने हाकलल्या त्या मी फितवल्यामुळे, ते साफ खोटं आहे. मी आईला काही शिकवलेलं नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईला कोणाला हाकलायला शिकवावं लागत नाही.

तुझी, नाइलाजाने सख्खी,
ताई


१२ फेब्रुवारी

लाटसाहेब,

उत्तर आलं नाही. छान. पुढे सांगते.

‘सोबत’चं ऑफिस एका बंद पडलेल्या बँकेत आहे. तिजोरीच्या खोलीत आता वॉकर, काठ्या आणि उंच केलेल्या संडासाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि त्या फूटभर जाडीच्या दाराला अडसर म्हणून एक जुनी व्हीलचेअर लावलेली असते. सगळ्यांची प्रमुख एक नर्स आहे. तिला सगळे ‘कप्तान’ म्हणतात, आणि ती समोरच्याच्या बोलण्यातलं क्रियापद यायच्या आत उत्तर देते. मला बघितल्यावर तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल? “तुम्ही त्याच ना, कुलूपवाल्या?” मी म्हटलं, “हो. किल्लीही असते माझ्याकडे, पण ती कोणी मागत नाही.” ती हसली नाही. मला ती तेव्हाच आवडली.

माझ्यासोबत आमचे आकडेवाले गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही दशांश म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून पूर्णांक निघत नाही. चहा किती हवा विचारलं तरी ‘साधारण पाऊण ते सव्वा कप’ म्हणतात.

या आठवड्यात मी मदतनिसांबरोबर घरोघरी फिरले. कामाला त्या वाघ आहेत. गादीवरून माणूस उठवताना कंबर कशी ठेवायची, औषधाच्या गोळ्या दिसतील अशा कुठे ठेवायच्या, सगळं चोख. एक गोष्ट मात्र मला खटकली. पहिला आठवडा त्यांच्याकडे घराची किल्ली असते. त्यानंतर कप्तान ती काढून घेते. मग दार वाजवायचं आणि थांबायचं. आतून “कोण आहे?” येतं, मग सामसूम, मग काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि ही बाई आपली पिशवी धरून पायपुसण्यावर उभी. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. मी कप्तानला विचारलं की एवढा वेळ का वाया घालवता. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या घरात किल्लीने शिरणं बरं दिसत नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर गोष्ट वेगळी.” मी माझ्या टिपणात लिहिलं: वेळेचा अपव्यय, दारात.

आईशी रोज फोनवर बोलते. “मी बरी आहे, कोणी येऊ नका” हे तिचं पालुपद चालू आहे. तू रविवारी फोन करतोस असं तिच्या बोलण्यावरून कळलं. चांगलं आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

लाटसाहेब,

आज शुक्रवार, म्हणजे तोंडावर सांगायचा दिवस. फार वाईट गेला.

मदतनिसांच्या फोनमध्ये प्रत्येक भेटीनंतर तीनपैकी एक बटण दाबायचं असतं: भेट झाली, घरी नाही, नाकारली. दशांशांनी वर्षभराची बटणं मोजली. पहिल्या दोन आठवड्यांत सगळं आलबेल. तिसऱ्यापासून ‘नाकारली’ चढायला लागतं, आणि शेवटच्या आठवड्यांत जवळजवळ निम्म्या भेटी नाकारलेल्या. निम्म्या, अरे. लोक दारातूनच परत पाठवताहेत. मी हे भिंतीवर लावलं तेव्हा मदतनिसांच्या माना खाली गेल्या. त्यातल्या कित्येकजणी पूर्वी दुसऱ्यांच्या घरी धुणंभांडी करायच्या. ही त्यांची पहिली बिल्ला लावून करायची नोकरी आहे. सेवा गेली की त्या पुन्हा तिथेच.

कप्तानच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्यावर नाही, त्यांच्यावर. “मी ओरडून सांगतेय वर्षभर, नाही म्हणू देऊ नका, गोड बोला, आत शिरा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लोकांना आम्ही आवडतो हो. खरंच आवडतो. मग असं का करतात, मला कळत नाही.” एवढ्या ताठ बाईचा आवाज फुटलेला ऐकवला नाही मला.

संध्याकाळी संचालकांचा फोन. खात्यात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. म्हणाले, “ज्यांच्यासाठी काढली त्यांनाच नको असेल तर विषय संपला. अंतरिम टिपण पुढच्या आठवड्यात द्या, आपण मार्चपर्यंतही थांबायला नको.” मी म्हटलं, नाकारणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय मी एक ओळ देणार नाही. ते म्हणाले, “तुम्ही? तुम्ही कधीपासून वेळ मागायला लागलात?”

खरं सांगू? टिपण माझ्या डोक्यात तयार होतं. कुलूप हातात होतं. फक्त लावायचं राहिलं होतं.

ताई


२५ फेब्रुवारी

अरे ऐक,

आज मला नाचावंसं वाटतंय. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

नाकारणाऱ्यांच्या यादीतली पहिली बाई म्हणजे पोहायला शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिच्याकडून मदतनीस सलग पाच वेळा परत आलेली. मी जाऊन दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मी वळून जिन्याकडे निघाले तेवढ्यात आतून आवाज आला, “थांबा म्हटलं ना, कुठे पळताय?” मग काठीचा आवाज. ठक, थोडं थांबून ठक. मी आपली पायपुसण्यावर उभी, त्या मदतनिसांसारखीच. दार उघडलं तर समोर माझ्याहून हातभर उंच बाई, अंगात जाडजूड गाऊन, केस ओले.

“आता तुम्ही कोण? सकाळीच एकीला परत पाठवलंय मी.”

“त्यासाठीच आले. का परत पाठवलंत?”

“का म्हणजे? मी दारापर्यंत आले की नाही आले?”

मला काही कळेना. तिने मला आत घेतलं नाही. दारातच चौकटीला टेकून सांगायला लागली. “पहिला आठवडा ती किल्लीने यायची. तेव्हा मला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. मग एक दिवस ही बया बाहेरूनच दार वाजवतेय. मी आतून ओरडले, ये की आत. तर म्हणे, किल्ली जमा केली. मी तिला अशा शिव्या दिल्या की शेजारच्यांनी दार लावून घेतलं. पण ती हलेना. मग काय करता? उठले. भिंत धरून, खुर्ची सरकवत आले. दर खेपेला त्या बाईसाठी मला दारापर्यंत यावं लागायचं. एक दिवस आले, दार उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की खुर्ची तिकडेच राहिली. तेव्हा म्हटलं तिला, बाई, आता तू जा. तुझी ज्याला गरज आहे त्याच्याकडे जा.”

“आणि तिने ‘नाकारली’चं बटण दाबलं,” मी म्हटलं.

तिने काठी चौकटीला आपटली. “मी चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचा असतो. एक दिवस पोर स्वतःच म्हणतं, सोडा आता. ते ऐकायलाच तर शिकवायचं. तुमच्या ऑफिसात त्याला पोर बुडालं असं लिहितात का?”

मला हसू आवरेना. तिलाही मग आवरेना, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून वेड्यासारख्या हसत होतो. कळलं का तुला? नाकारायला माणूस दारापर्यंत यावा लागतो. आपल्या पायांनी यावा लागतो. आम्ही जे अपयश म्हणून मोजत होतो तिथे सेवा फसली नव्हती, सफल झाली होती. आणि हे कप्तानलासुद्धा माहीत नव्हतं. तिने किल्ल्या काढून घेतल्या त्या शिष्टाचार म्हणून. चालायला शिकवणारं औषध ती वर्षभर देत होती आणि वर त्याबद्दल पोरींना रागावत होती.

खाली रस्त्यावर येऊन दशांशांना फोन केला. ते म्हणाले, “एक बाई म्हणजे पुरावा नव्हे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणून उद्यापासून तुम्हीही दारं वाजवायला या.”

ताई


७ मार्च

लाटसाहेब,

माझे पाय सुजलेत. या शहरात मी न चढलेला जिना आता शिल्लक नाही, आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतींची संख्या बघता तुमच्या खात्याचंही एकदा कोणीतरी मूल्यमापन करायला हवं.

आम्ही मदतनिसांना एकेक नकार आठवायला लावला: दारात येऊन दिला, की जाण्याआधी केलेल्या फोनवरच दिला? मग दोन्ही तऱ्हेच्या घरी गेलो. दारातून नाकारणारे एकाहून एक वस्ताद निघाले. एक आजोबा एका गालाला साबण फासलेले तसेच आले आणि “दाढी अर्धी राहिली, लवकर बोला” म्हणाले. एक बाई घरी सापडलीच नाही. ती आम्हाला बसथांब्यावर भेटली, हातात भाजीची पिशवी. दशांशांनी तिला विचारलं, तुम्ही साधारण किती बऱ्या आहात? ती म्हणाली, “बस आली, मी जाते.” त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटतं हा माणूस सुधारतोय.

पण सगळं गोड नाही. फोनवर नाकारणाऱ्यांत एक निवृत्त छापखानेवाले होते, तिसऱ्या मजल्यावर. हॉस्पिटलमधून परत आल्यावर आठवडाभराने त्यांनी फोनवर सांगायला सुरुवात केली, “मी ठणठणीत आहे, तुम्ही कशाला त्रास घेता.” गोड आवाज, अदबशीर बोलणं. मदतनीस विश्वास ठेवून जात नव्हती. परवा मी आणि कप्तान गेलो. दार वाजवलं आणि थांबलो. कप्तान घड्याळाकडे बघत नव्हती, दाराच्या फटीकडे बघत होती. आतून काहीच येईना. शेवटी ती म्हणाली, “आता पुरे,” आणि पर्समधून किल्ली काढली. येताना तिने ती सोबत घेतली होती.

ते पलंगावर होते. अंगात ताप, पायाची जखम चिघळलेली, शेजारी पाण्याचा रिकामा तांब्या. आम्हाला बघून म्हणाले, “अरे, तुम्हाला उगाच चढावं लागलं.” कप्तानने आधी तांब्या भरला. पाणी पाजलं, जखम बघितली, गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पाय वाचेल. ते आता हॉस्पिटलच्या सुपाला नावं ठेवण्याइतके बरे आहेत.

दशांशांनी मग आकडे दोन ढिगांत वेगळे केले. दारातून नाही म्हणणारे पुन्हा हॉस्पिटलात जवळजवळ जातच नाहीत. फोनवरून नाही म्हणणारे वरचेवर जातात. इतका स्वच्छ फरक मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिलेला नाही.

आज शुक्रवारच्या बैठकीनंतर कप्तानने मला तिजोरीच्या खोलीत नेलं. “दारांचं लिहा. फोनचं लिहू नका,” म्हणाली. “फोनवर विसंबून राहिलो ही आमची चूक. ती मी आजच बंद केली. आजपासून नकार फक्त दारात घ्यायचा. पण संचालकांना हे दिसलं की ते तेवढंच धरून बसतील आणि तुमचं कुलूप लागलंच म्हणून समजा.”

मी म्हटलं, “नाही लिहिलं तर मी स्वतः लावेन.”

तिने रांगेतला एक तिरका वॉकर सरळ लावला. मग म्हणाली, “ठीक आहे. पण ते बैठकीत मी बोलणार. तुम्ही नाही.” माझ्या एवढ्या वर्षांत स्वतःची चूक स्वतः सांगते म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

ताई


९ मार्च

अरे,

आज रविवार. तुझा फोनचा दिवस. आईने उचलला नसेल तर ते माझ्यामुळे. मी तिथे होते.

त्या छापखानेवाल्यांनंतर मला घरी बसवेना. आईलाही आपण फोनच करतो ना. मी रोज, तू रविवारी. “मी बरी आहे, कोणी येऊ नका.” गोड आवाज. मी सकाळीच गेले, किल्ली पर्समध्ये ठेवून दार वाजवलं, आणि थांबले. खोटं कशाला बोलू, मला घाम फुटला होता. जिन्यात खालून कोणीतरी वर येत होतं, त्यांनी मला विचारलंसुद्धा, बरं वाटत नाहीये का.

मग आतून आवाज आला. “कोण ते दार बडवतंय? किल्ली नाही का तुझ्याकडे?” आणि पाठोपाठ आई. भिंतीला हात न लावता, चष्मा कपाळावर, हातात अर्धं सोललेलं संत्रं. मी दारातच रडायला लागले. ती म्हणाली, “आता काय झालं? भावोजींनी टाकलं की काय?” तुझ्या तोंडचं ‘भावोजी’ ती मुद्दाम वापरते, मला चिडवायला.

तर आईची तब्येत उत्तम आहे. मग मी बसून तिला तो प्रश्न विचारला, जो मी गेले दोन आठवडे परक्या माणसांना विचारतेय: त्या बायांना परत का पाठवलंस? वर्षभर आपण दोघं त्यावरून भांडतोय, पण तिला हे कोणी विचारलेलंच नाही. मीही नाही, तूही नाही.

ती संत्रं सोलत राहिली. “बाया चांगल्या होत्या,” म्हणाली. “दुसरी तर फारच चांगली. पण बाई आली की तो यायचा बंद व्हायचा. त्याला वाटायचं, झाली सोय. बाई काढली की निदान भांडायला तरी यायचा. तासभर बसून ओरडायचा, मग जेवून जायचा.”

मी म्हटलं, “अगं, हे त्याला सांगायचं ना.”

“काय सांगू? ये म्हणून? ते काय सांगून यायचं असतं?” आणि मग, “त्याला यातलं काही कळवायचं नाही हं.”

मी हो म्हटलं. आणि आता कळवतेय. तिच्यासारखं मूग गिळून बसणं मला जमणार नाही. मी तिला फितवलं नव्हतं. तिने तुला बोलवायचा एक मार्ग शोधून काढला होता, आणि आपण दोघांनी जिन्यात उभं राहून त्यावरून असं भांडण केलं की तोही बंद झाला. ती वर आपल्या खोलीत बसून ऐकत असणार सगळं.

माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण तुझ्यावरचा राग आज संत्र्याच्या सालीबरोबर गेला असं समज.

ताई


१९ मार्च

बंधुराज, बसून वाच.

जिंकलो.

बैठकीला लांबलचक टेबल, संचालक मधोमध, दोन्ही बाजूंना खात्याचे लोक, त्यांच्यापुढे आमचा अहवाल आणि बहुतेकांनी फक्त पहिलं पान वाचलेलं. संचालकांनी सुरुवातच केली, “निम्म्या लोकांनी नाकारलेली सेवा आपण सगळीकडे न्यायची का, एवढाच प्रश्न आहे.” आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे बाई, लावा कुलूप.

मी उभी राहिले. आकडे आधी सांगितले नाहीत. मी त्यांना सांगितलं की डोळे मिटा आणि समजा की तुमचं हाड मोडलंय, तुम्ही घरी एकटे आहात आणि कोणीतरी दार वाजवतंय. त्याला नको म्हणायला तुम्हाला काय काय करावं लागेल ते मनात करून बघा. पांघरूण काढा. पाय खाली सोडा. उठा. संचालकांनी डोळे मिटले नाहीत, पण त्यांच्या डावीकडच्या बाईंनी मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला. मी थांबले, खरोखर त्या पायपुसण्यावर थांबायचे तेवढा वेळ. खोलीत चुळबुळ व्हायला लागली. मग म्हटलं, “आता पोचलात. आता मला नाकारा.”

त्या बाई डोळे उघडून हसायला लागल्या. मग दशांश उठले आणि त्यांनी दोन ढीग दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ‘साधारण’ न म्हणता आकडा सांगितला. दारातून नाकारणाऱ्यांमुळे हॉस्पिटलच्या किती खाटा मोकळ्या राहिल्या हे ऐकल्यावर टेबलावरची सगळी पानं एकदम उलटली गेली.

मग कप्तान. तिने छापखानेवाल्यांची सगळी हकिगत सांगितली, काही न झाकता. फोनवरचा नकार आम्ही खरा धरला, ती चूक होती, ती कोणत्या दिवशी बंद केली, त्यानंतर किती घरी गेलो आणि त्यातली कोण कोण माणसं दाराशी येऊ शकली नाहीत. संचालक म्हणाले, “हे तुम्ही स्वतःहून सांगताय?” ती म्हणाली, “कुलूपबाईंनी तपासलंय साहेब. लपवून जाणार कुठे?” अख्खं टेबल हसलं, संचालकसुद्धा, आणि मला ते नाव पहिल्यांदा बढती मिळाल्यासारखं वाटलं.

सेवा सगळीकडे जाणार आहे. सगळ्या मदतनिसांच्या नोकऱ्या कायम. नव्या गावांतल्या बायांना शिकवायला याच जाणार, बिल्ला लावून. तिसरं बटण काढून टाकलंय. त्याच्या जागी दोन आली आहेत, दारातून परत पाठवलं आणि फोनवर नको म्हटलं; पहिल्यावर शाबासकी, दुसऱ्यावर धावत जायचं. आणि माझ्या टिपणातला ‘वेळेचा अपव्यय’ आता नियमावलीत पहिल्या पानावर छापला जाणार आहे: दार वाजवा आणि थांबा.

संध्याकाळी तिजोरीच्या खोलीत केक कापला. कप्तानने तो इतका शिस्तीत कापला की दशांशांना मोजायला काही उरलं नाही. पोहणाऱ्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि त्यांना घरी सोडायला निघालेल्या मदतनीस बाईला म्हणाल्या, “नको. मी जाईन.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. मला आनंद झालाय रे, फार झालाय, आणि तो मला आधी तुलाच सांगायचा होता. एवढंच.

ताई


२४ मार्च

लाडक्या,

काल संध्याकाळी आईचा फोन आला. ती सहसा स्वतःहून करत नाही, तेव्हा मी उचलायच्या आधीच चप्पल घातली होती.

“तो आलाय,” ती म्हणाली.

“कोण?”

“कोण म्हणजे? तुझा लाटसाहेब. दुपारपासून आहे.”

मी खाली बसले. “काय म्हणाला?”

“तुझ्या अहवालात घालायला काही म्हणालेला नाही.”

“भांडला?”

“नाही. मीच थोडी भांडले. सवय मोडायला नको.”

“मग आता काय करतोय?”

“भांडी घासतोय. ओटाभर पाणी केलंय. बघवत नाही.”

“आणि तू?”

“मी बसलेय,” आई म्हणाली. “घासू देतेय.”

मला तिने गेल्या वीस वर्षांत त्या ओट्याशी उभं राहू दिलेलं नाही. तू ठेवलेल्या बायांनाही नाही. फोन ठेवल्यावर मी रडले आणि तुझ्या भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं की अहवालात काही चुकलं का. मी म्हटलं, नाही, सगळं बरोबर आलं.

पुढच्या रविवारी मीही येतेय. तूही असशील तर भांडी तू घास, पुसून मी ठेवीन, आणि आईला बसू दे.

तुझी
ताई